भिकाऱ्याच्या गळ्यातील जपमाळ : संत जोसेफ वाझ

माळ हातात असते, बोटे मणी सरकवत असतात आणि मन मात्र बाजारात फिरून आलेले असते. ही तक्रार कोणत्याही पंथाच्या साधकाला नवी नाही. कॅथलिक ख्रिस्ती बंधुभगिनींच्या घरी संध्याकाळी जी जपमाळ म्हटली जाते, तिच्याबद्दलही हेच ऐकू येते. पन्नास मणी पूर्ण होतात, पण आत काही पोहोचले की नाही, ते कळत नाही. आज ज्या संतांचे चरित्र आपण पाहणार आहोत, ते जपमाळेवर ग्रंथ लिहिणारे म्हणून ओळखले जात नाहीत. त्यांनी ती गळ्यात घातली आणि जिथे ती दिसणेही धोक्याचे होते, अशा देशात ते दारोदार फिरले.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात, साष्टीतील बाणावली या गावी झाला. बाणावली हे त्यांचे आजोळ. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे, आईचे नाव मारिया दि मिरांडा. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. घराणे कोकणी बोलणारे आणि मूळचे ब्राह्मण. जन्मानंतर आठव्या दिवशी बाणावलीच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मराठी वाचकाला त्या काळातील साष्टी अगदीच परकी वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये याच साष्टीतील रायतूर येथे छापले गेले होते आणि तेथील चर्चमधून ते वाचले जात असे. म्हणजे येशूच्या जन्माची, दुःखाची आणि पुनरुत्थानाची कथा त्या भागातील लोकांच्या कानावर ओवीतून पडत होती. जपमाळेच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण ती माळ म्हणजे नुसता जप नाही, तिच्यात एक कथा चालू असते.

जे वाचक कॅथलिक नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या माळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. प्रत्येक गटाच्या आरंभी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना, मग दहा मण्यांवर दहा वेळा मरियामातेला नमन आणि शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा गौरव. पण प्रत्येक गट सुरू करण्यापूर्वी येशू आणि मरिया यांच्या जीवनातील एक प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा असतो. या प्रसंगांना रहस्ये म्हणतात. जोसेफ वाझ यांच्या काळी अशी पंधरा रहस्ये होती : पाच आनंदाची, पाच दुःखाची, पाच गौरवाची. प्रकाशाची पाच रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. पंधरा गट म्हणजे दीडशे नमने. बायबलमधील स्तोत्रेही दीडशेच आहेत. मठातले साधू ती दीडशे स्तोत्रे म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्या हाती माळ आली. गोव्यात आजही या प्रार्थनेला तेर्स म्हणतात. तो पोर्तुगीज शब्द आहे आणि त्याचा अर्थ तिसरा हिस्सा. पंधरांपैकी पाच गट, म्हणजे पूर्ण माळेचा एक तृतीयांश.

याचा अर्थ असा की ओठ एकच नमन पुन्हा पुन्हा म्हणत असतात आणि मन मात्र एका दृश्याकडे पाहत असते. दृश्य सुटले की नुसती मोजणी उरते. पन्नास झाले, हिशेब जुळला, माळ खिशात. मोजणी करणे सोपे म्हणून आपण तेवढेच धरून बसतो, असे मला वाटते.

जोसेफ यांचे प्राथमिक शिक्षण सांकवाळला झाले. लॅटिन ते बाणावलीला शिकले. पुढे गोवा शहरात जेझुइटांच्या संत पॉल महाविद्यालयात आणि नंतर डोमिनिकन संघाच्या संत थॉमस अक्वायनस यांच्या नावाच्या महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान व धर्मशास्त्राचा अभ्यास केला. जपमाळेचा प्रसार ज्या संघाने सर्वांत जास्त केला, तो हा डोमिनिकन संघ. मरियामातेनेच संत डॉमिनिक यांना ही माळ दिली, अशी त्यांची परंपरा सांगते. इतिहासकार या प्रार्थनेचा उगम अधिक संथ आणि अनेक हातांतून झालेला मानतात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : ही प्रार्थना विद्वानांच्या खोलीपेक्षा रस्त्यावर अधिक वाढली.

१६७६ मध्ये आर्चबिशप आंतोनियो ब्रांदाव यांच्या हस्ते जोसेफ वाझ धर्मगुरू झाले. दीक्षेनंतर त्यांनी पादत्राणे सोडली. गोव्यातील गरीब माणूस अनवाणी चालत होता, म्हणून तेही अनवाणी चालू लागले. प्रवचनकार म्हणून त्यांचे नाव झाले, पापनिवेदनासाठी लोक त्यांना शोधत येऊ लागले. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. सगळे सुरळीत चालले होते. सिलोनमधील कॅथलिक लोक धर्मगुरूविना राहत आहेत, हे मात्र त्यांच्या कानावर आले होते आणि ते त्यांच्या मनातून जाईना.

याच काळात त्यांनी एक दस्तऐवज लिहिला. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या आरोग्यमातेच्या चर्चमध्ये वेदीसमोर त्यांनी स्वतःला मरियामातेचा कायमचा दास म्हणून लिहून दिले. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हा कागद बघताक्षणी ओळखू येतो. नाव, तारीख, कोण देतो, कोणाला देतो, सही. आपण वर्गात करारनाम्याचे जे भाग पाठ करतो, ते सगळे त्यात आहेत. फरक एवढाच की इथे देणाऱ्याने मोबदल्याचा रकाना ठेवलेलाच नाही. फ्रान्सचे संत लुई द माँफोर यांनी मरियामातेच्या दास्याचा मार्ग आपल्या लेखनातून पुढे जगभर पोहोचवला. जपमाळेच्या रहस्यावरील त्यांचे पुस्तक आजही वाचले जाते. पण वाझ यांनी सांकवाळला हा कागद केला, तेव्हा माँफोर अवघे चार वर्षांचे होते.

या कागदाकडे मी थोडा अधिक वेळ थांबलो, कारण पुढचे सगळे त्यातून निघते. दास हा स्वतःच्या सोयीने नमन करत नाही. मन लागले तर माळ, नाही तर उद्या, असा पर्याय त्याने आपल्या हाताने रद्द केलेला असतो.

१६८१ ते १६८४ या काळात गोव्याच्या वतीने ते कानडा प्रांतात, मंगळूर आणि आसपासच्या भागात काम करत होते. तेथे धर्माधिकार कोणाचा, पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्यांचा की रोमहून थेट पाठवलेल्यांचा, असा जुना वाद पेटलेला होता. वाझ यांनी त्या वादात शक्य तितका समेट राखला, छोट्या शाळा आणि चर्चे उभी केली आणि ते परत आले. गोव्याला काही स्थानिक धर्मगुरू एकत्र राहून साधना करू पाहत होते. १६८५ मध्ये जुन्या गोव्यात होली क्रॉस ऑफ मिरॅकल्स येथे त्यांचा संघ उभा राहिला आणि वाझ त्याचे प्रमुख झाले. युरोपियन संघ स्थानिक माणसांना बहुधा आत घेत नसत, हे लक्षात घेतले तर या छोट्या मंडळीचे महत्त्व कळेल. रोममधील संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीचा नमुना त्यांनी स्वीकारला.

पण सिलोन राहिलेच होते.

डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले होते. डच कॅल्व्हिनपंथी ख्रिस्ती. कॅथलिक म्हणजे पोर्तुगीजांचा माणूस, असे त्यांचे गणित. कॅथलिक धर्मगुरू हद्दीबाहेर घालवले गेले, त्यांना आसरा देणाऱ्याला कडक शिक्षा ठरली, चर्चे डचांच्या पंथाकडे गेली. विवाह नोंदवायचा किंवा सरकारी काम मिळवायचे तर डच चर्चमध्ये जाणे भाग होते. अनेकांनी वरून ते मान्य केले आणि घरात, दार लावून, जुनी प्रार्थना चालू ठेवली. एक संपूर्ण पिढी मिस्सा न पाहता मोठी झाली.

१६८६ मध्ये वाझ जॉन नावाच्या एका सेवकाला बरोबर घेऊन निघाले. कानडा, मलबार असा प्रवास करत ते तुतिकोरिनला पोहोचले. वाटेत तमिळ शिकणे सुरू होते. १६८७ मध्ये धर्मगुरूचा झगा उतरवून, मजुराचा वेश घेऊन ते जहाजात चढले. वादळाने जहाज भरकटले, अन्नपाणी संपले. कसेबसे मन्नारला लागून पुढे ते जाफन्यात आले तेव्हा त्यांना हगवणीने पुरते खचवले होते. परक्या आजारी भिकाऱ्याला घरात कोण घेणार? एका बाईने पेज आणून दिली, त्यावर दोघे जगले, असे चरित्रकार सांगतात.

बरे वाटू लागताच वाझ भिक्षेला बाहेर पडले. आणि इथे ती माळ येते.

त्यांना शहरातील कॅथलिक शोधायचे होते. पण विचारणार कोणाला? उघड विचारले तर पकडले जाणार. लोकांनाही अनोळखी माणसाची भीती होतीच, कारण डचांचे हेर फिरत होते. तेव्हा त्यांनी एक मोठी जपमाळ गळ्यात घातली, लोकांना दिसेल अशी, आणि ते दारोदार भीक मागू लागले. ते भीक घेत आणि देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत. बहुतेकांची नजर माळेवरून तशीच पुढे जाई. काहींची तिथे थबके. एखाद्या घरी हात जरा जास्त वेळ थांबे.

अशा रीतीने दिवस गेले. शेवटी एका घराबद्दल त्यांची खात्री पटली आणि आपण कोण आहोत, हे त्यांनी तेथे हळूच सांगितले. त्या रात्री दारे-खिडक्या बंद करून मिस्सा झाली. ज्यांनी लहानपणी ती पाहिली होती, ते आता प्रौढ झाले होते.

विचार केला तर या प्रसंगात माळेने दोन्हीकडून काम केले. वाझ यांच्याकडे ती होती म्हणून त्यांना ओळखता आले. आणि त्या घरांत ती इतकी वर्षे कोणी सांगणारा नसताना म्हटली जात होती, म्हणूनच कोणाची नजर थबकली. धर्मगुरू गेले, घंटा गेल्या, वेदी गेल्या, तरी माळ उरली. तिला परवाना लागत नाही, पुस्तक लागत नाही, आणि दिवा विझवूनही ती म्हणता येते. मिस्सा आणि संस्कार यांच्यापुढे जपमाळ ही कॅथलिक परंपरेत लहान मानली जाते आणि ते बरोबरच आहे. पण त्या काळात मोठे सगळे बंद पडल्यावर लहान गोष्टीने घर सांभाळले.

जाफन्याजवळच्या सिल्लालै या गावात कॅथलिकांची वस्ती दाट होती. वाझ तेथे राहू लागले. रात्री काम, दिवसा लपणे. ते ठिकाणे बदलत राहिले आणि गावोगावी त्यांनी एक व्यवस्था लावली, जी त्यांच्या मागेही टिकली. धर्मगुरू नसताना प्रार्थना कोण सांगेल, मुलांना कोण शिकवेल, मरणाऱ्याजवळ कोण बसेल, हे ठरवून त्यांनी गावातलीच माणसे नेमली. अण्णावी आणि मूप्पू अशी त्यांची नावे होती. वर्षातून एकदा धर्मगुरू आला तरी उरलेले दिवस प्रार्थना बंद पडू नये, ही त्यामागची दृष्टी.

१६८९ च्या नाताळच्या रात्री डच सैनिकांनी मिस्सेसाठी जमलेल्या लोकांवर छापा घातला. वाझ त्यांच्या हाती लागले नाहीत. लोक मात्र लागले. काहींना फटके मारण्यात आले, त्यांपैकी एकाचा त्यातच मृत्यू झाला आणि इतरांना सक्तमजुरीवर पाठवले गेले. वाझ यांच्या चरित्रात सुटकेचा हा प्रसंग चमत्कार म्हणून सांगतात. मला तो वाचताना त्या फटके खाणाऱ्यांचीच आठवण अधिक राहिली. पळून जाणे ज्याला शक्य झाले, त्याने ती रात्र पुढची एकवीस वर्षे बरोबर वागवली असणार.

तेथून ते पुत्तलमला गेले आणि १६९२ मध्ये डोंगरातील कँडी या स्वतंत्र सिंहली राज्यात. राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्ध, पण कॅथलिकांशी सौम्य. मात्र वाझ पोहोचण्याआधीच एका फ्रेंच कॅल्व्हिनपंथी माणसाने राजाच्या कानावर घातले होते की येणारा माणूस पोर्तुगीज हेर आहे. त्यांना दोन कॅथलिकांसह कैदेत टाकले गेले. कैदेत त्यांनी सिंहली भाषा शिकायला घेतली. काही काळाने पहारा सैल झाला, तेव्हा तेथेच एक झोपडी उभारून तिचेच त्यांनी चर्च केले. हेर समजून ज्याच्यावर नजर ठेवायची, तो दिवसभर प्रार्थना करतो आणि गरिबांना मदत करतो, एवढेच पहारेकऱ्यांना दिसत राहिले. हळूहळू त्यांना शहरात फिरण्याची मोकळीक मिळाली.

पुढे राज्यात दुष्काळ पडला. वाझ यांनी उघड्यावर वेदी मांडून क्रूसासमोर प्रार्थना केली, पाऊस आला आणि ते व वेदी कोरडी राहिली, अशी कथा आहे. राजाने मग त्यांना राज्यात कुठेही फिरून आपल्या धर्माचे काम करण्याची मुभा दिली. कथेतील चमत्कारावर प्रत्येकाने आपल्या श्रद्धेप्रमाणे विचार करावा. मुभा मिळाली, ही मात्र इतिहासातली गोष्ट आहे. तिचा उपयोग करून ते वेश बदलून डचांच्या मुलखातही जात राहिले.

१६९७ मध्ये गोव्याच्या ऑरेटरीतून फादर जुझे दि मिनेझिस आणि फादर जुझे कार्व्हाल्हो कँडीला आले. इतकी वर्षे एकट्याने काम केल्यावर प्रथमच त्यांच्याजवळ सहकारी होते. त्याच सुमारास कँडीत देवीची साथ पसरली. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले. आजाऱ्यांना घरचे लोकही जंगलात नेऊन सोडू लागले. वाझ आणि कार्व्हाल्हो मागे थांबले. त्यांनी झोपड्या बांधल्या, फोड आलेल्या अंगांना पुसले, पेज भरवली, घाण काढली, मेलेल्यांना पुरले. ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण, असा भेद केला नाही. ही सेवा सुमारे वर्षभर चालली.

जपमाळेतील दुःखाच्या पाच रहस्यांत येशूला मारलेले फटके, काट्यांचा मुकुट, खांद्यावरचा क्रूस डोळ्यांसमोर आणायचा असतो. रोज ते दृश्य पाहणारा माणूस जखमी अंग समोर आल्यावर तोंड फिरवत नाही, एवढेच या वर्षाकडे पाहून कळते. ध्यान आणि सेवा यांच्यात आधी कोणते, असा प्रश्न आपल्या सत्संगातही वारंवार निघतो. वाझ यांच्या त्या वर्षात ती दोन वेगळी कामे दिसत नाहीत.

नंतरची वर्षे थोडक्यात. गोव्याहून आणखी धर्मगुरू येत राहिले. १७०५ मध्ये दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस आले. त्यांच्या सिंहली लेखनामुळे त्यांना पुढे सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक मानले गेले. वाझ यांना बिशप करण्याचा विचार वरच्या स्तरावर झाला, तेव्हा त्यांनी तो नाकारला. वय आणि आजारपण दोन्ही अंगावर आले, तरी पायी प्रवास थांबला नाही.

१७१० च्या अखेरीस ते कँडीत अंथरुणाला खिळले. सोबतच्या धर्मगुरूंनी शेवटचे काही सांगावे, असा आग्रह धरला. त्यांनी सांगितले ते एवढेच होते की आयुष्यभर जे करायचे राहून गेले, ते मरणाच्या वेळी सहजासहजी जमत नसते. १६ जानेवारी १७११ रोजी, हातात पेटलेली मेणबत्ती आणि ओठांवर येशूचे नाव असताना त्यांनी देह ठेवला. तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते.

कँडीतील त्यांच्याच चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. ते चर्च पुढे राहिले नाही आणि समाधीची नेमकी जागा आज कोणाला ठाऊक नाही. सांकवाळचे ज्या चर्चमध्ये त्यांनी दास्याचा कागद लिहिला, तेही एकोणिसाव्या शतकात आगीत गेले. त्याची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात, गॉल फेस मैदानावर समुद्राच्या काठी, त्यांना संतपद दिले. त्यांचा सण १६ जानेवारीला असतो. त्या संध्याकाळीही गोव्याच्या घरांत नेहमीप्रमाणे तेर्स म्हटला जातो.